आर.व्ही. (राहायची सोय असलेली मोठी गाडी) चढावर गिअर पकडत नाही, युटामधल्या मोआबला पुढे जावं का?

प्रश्न: डेन्व्हरहून भाड्याची २८ फुटी आर.व्ही. घेऊन निघालोय. सोबत बायको, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी ताशी पंचवीस मैलांपुढे जाईना. मग ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) तापल्याचा दिवा लागला. आता सिल्व्हरथॉर्नला पंपावर उभे आहोत. ट्रान्समिशनची डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) पाहिली: तेल लाल नाही, चहाच्या रंगाचं. आई लांबूनच म्हणाली, "फोडणी करपलीय." तासाभराने गाडी परत नीट चालतेय. जाऊ का?

उत्तर १: नका जाऊ. पुढे व्हेल पासचा घाट आहे, १०,६०० फुटांच्या वर. करपलेला वास म्हणजे आतल्या क्लच प्लेट्स घासल्यात. थंड झाल्यावर बरी वाटते, पुढच्या चढाला पुन्हा तेच. टो-हॉल मोड (चढावर, जड ओझ्यासाठी गिअर बदलण्याची पद्धत बदलणारं बटण) लावला होता का?

प्रश्नकर्ता: ते बटण असतं हेच आत्ता कळलं!

उत्तर २: भाड्याची आहे ना? मग स्वतः तेल ओतू नका, नंतर खापर तुमच्यावर फुटेल. दिव्याचा आणि डिपस्टिकचा फोटो काढून कंपनीला फोन करा. टो करताना मागची चाकं रस्त्यावर फरफटू देऊ नका. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागवा, नाहीतर ड्राइव्हशाफ्ट (मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा) सोडायला सांगा.

प्रश्नकर्ता: फोन केला. टो ट्रक चार तासांनी येणार. आईने गॅसवर पिठलं टाकलंय.