रात्री वॉर्डातला रुग्ण बिघडू लागला तर टीम कधी बोलवायची?

वॉर्ड इन्चार्ज, सोलापूर
80 खाटा, रात्री एकच आरएमओ (निवासी डॉक्टर). कोड ब्लू (आणीबाणीचा पुकारा) आहे, पण तो हृदय बंद पडल्यावर. त्याआधी धावून येणारी टीम उभी करायची आहे. निकष काय ठेवावेत?

फिजिशियन
सिस्टर, न्यूज-2 चा तक्ता लावा (रुग्ण किती बिघडलाय ते गुणांनी मोजणारा; लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 2017 ची आवृत्ती). गुण द्यायचे ते यांना: मिनिटाचे श्वास, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, रुग्ण शुद्धीवर आहे का, ताप. बेरीज 5 झाली की आरएमओने तातडीने बघायचं आणि नोंदी तासाला. 7 झाली की टीम. एकाच गोष्टीला 3 गुण पडले तरी डॉक्टरांना दाखवा.
घात होतो तो श्वासात. सगळ्यांच्या चार्टवर 20! 20 ला शून्य गुण, 21 ला 2, 25 ला 3. अंदाजाने लिहिलेला 20 सगळी बेरीज खाली ओढतो. पूर्ण एक मिनिट मोजायला लावाच.

छातीविकार
एक भर. सोलापुरात विडी कामगार, जुनाट दम्याचे रुग्ण भरपूर. पण म्हणून तक्त्यातली एसपीओटूची दुसरी पट्टी (88–92 टक्के पुरेसे धरणारी) सरसकट लावू नका. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो हे सिद्ध झालेल्यांनाच, तेही डॉक्टरांच्या लेखी सूचनेने.

आयसीयू स्टाफ
टीम म्हणजे आरएमओ, आयसीयूची सीनियर सिस्टर, एक वॉर्डबॉय. आरएमओ कॅज्युअल्टीत अडकला तर कोण येणार, ते नाव रोजच्या ड्यूटी यादीत हवं.
बॅगेत अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची), ऑक्सिजनचा रिझर्व्हॉयर मास्क, सक्शन कॅथेटर, 18 नंबरचे इंट्राकॅथ (शिरेत घालायची नळी), आरएल सलाइन, 25 टक्के डेक्स्ट्रोज, ग्लुकोमीटर. ऐन वेळी अडतं ते सिलिंडरच्या चावीपाशी आणि लॅरिंगोस्कोपच्या (घशात नळी घालताना लागणाऱ्या दिव्याच्या उपकरणाच्या) सेलपाशी. चावी सिलिंडरलाच साखळीने बांधा.

वॉर्ड इन्चार्ज, सोलापूर
कन्सल्टंटना न विचारता टीम बोलावली तर सिस्टरला बोलणी बसतात. त्याचं काय?

फिजिशियन
खरी अडचण हीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या 23 रुग्णालयांत झालेल्या मेरिट अभ्यासात (2005) टीम असूनही ठळक फरक दिसला नाही; निकष भरूनही कित्येकांसाठी बोलावणंच गेलं नव्हतं. म्हणून अधीक्षकांच्या सहीचा आदेश प्रत्येक वॉर्डात लावा: सिस्टर थेट टीमला बोलावेल, कन्सल्टंटना त्याच वेळी दुसरी सिस्टर कळवेल. स्कोअर कमी असला तरी ‘रुग्ण बरा वाटत नाही’ एवढं कारणही पुरे, हेही त्यात लिहा. फोनवर इतकंच: ‘बेड 14, श्वास 28, नाडी 118, वरचं बीपी 90, स्कोअर 8, लगेच या.’