अनुभव धागा: घराचं कुंपण, लाकडी की व्हिनाइलचं?

मध्य न्यू जर्सीत राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणाला आधीच्या मालकाचं लाकडी कुंपण होतं, त्यातली दोन पॅनलं या मार्चच्या वाऱ्यात आडवी झाली. वाकून बघितलं तर फळ्या ठणठणीत, खांब मात्र बरोबर जमिनीलगत कुजलेला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर चहात बुडवलेल्या टोस्टात जावा तसा आत गेला. आता १६० फूट नवीन करायचंय. एकाच माणसाने प्रेशर ट्रीटेड पाइनला (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड) फुटाला ३४ डॉलर सांगितले आणि व्हिनाइलला (म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक) ४७. बायको म्हणते व्हिनाइल, कारण दर दोन-तीन वर्षांनी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारायला तू उठणार नाहीस (खरंय). मला लाकूड आवडतं. शेजारचे गुजराती काका म्हणतात दोन्ही सोडा, थुजाची (दाट हिरवी भिंत होते ती) झाडं लावा, आणि इकडे हरणं संध्याकाळी सातला तीच जेवायला येतात. घरात दोन मुलं आणि एक खड्डे खणणारा कुत्रा आहे. ब्रोशरं वाचून झालीत, ज्यांनी स्वतःच्या पैशाने लावलंय त्यांनी लिहा, चुका आणि शेजाऱ्यांशी झालेल्या कटकटी आधी.

एडिसनची आजी

आमचं पांढरं व्हिनाइल, अकरा वर्षं झाली. वाळवी नाही, रंग नाही, पण "मेंटेनन्स फ्री" हा शब्द ज्याने काढला त्याला माझ्या कुंपणाची उत्तरेकडची बाजू दाखवायची आहे. तिथे ऊन येत नाही, दर वसंतात हिरवट शेवाळ धरतं. बादलीत पाणी, थोडं व्हिनेगर आणि लांब दांड्याचा ब्रश, अर्धी सकाळ जाते. गवत कापायच्या ट्रिमरने खालच्या बाजूला टवके उडालेत ते वेगळेच.

खरी गंमत सहाव्या हिवाळ्यात झाली. कडाक्याच्या थंडीत व्हिनाइल कडक होतं हे माहीत नव्हतं. ह्यांनी ड्राइव्हवेवरचा बर्फाचा ढेकूळ फावड्याने उडवला तो नेमका पॅनलवर, पॅनल काचेसारखं तडकलं. लाकूड असतं तर फळी ठोकून मोकळे झालो असतो, इथे त्या डिझाइनचं पॅनल मिळेपर्यंत मे उजाडला. नवीन आलं ते इतकं पांढरंशुभ्र की बाकीचं कुंपण पिवळट आहे हे तेव्हा कळलं, एकच दात कवळीचा बसवल्यासारखं दिसतं अजून. तेव्हा व्हिनाइल घेतलंत तर त्याच वेळी दोन पॅनलं जास्तीची घेऊन गॅरेजमध्ये टाका.

ह्यूस्टनकर

इकडे सगळे सीडरवाले, म्हणजे त्या नावाचं लाकूड लावणारे. आमचं ७ वर्षांचं सीडर कुंपण जुलै २०२४ च्या बेरिल वादळात एका रात्रीत गेलं, म्हणजे अख्खी रांग शेजाऱ्याच्या अंगणात झोपली होती, लाइट नाही, एसी नाही आणि आम्ही दोन घरचे पुरुष घामाघूम होऊन फळ्या वेगळ्या करतोय. तेव्हा दिसलं की फळ्या जवळजवळ सगळ्या चांगल्या, मोडले ते चार बाय चारचे लाकडी खांब, सगळे काँक्रीटच्या तोंडाशी, म्हणजे धागाकर्त्याचाच किस्सा. काँक्रीट वरून खोलगट राहिलं की पाणी तिथेच साचतं. रस्त्यावर व्हिनाइलची पॅनलं पण उडत आली होती, तेव्हा त्या बाबतीत कोणी कोणाला हसू नये.

नंतर केलं ते असं: खांब गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे, त्यावर सीडरच्या फळ्या, जमिनीला टेकणारी खालची आडवी पट्टी तेवढी ट्रीटेड लाकडाची. बाहेरून लाकूडच दिसतं. आमच्या भागातली माती चिकण, पावसाळ्यात फुगते आणि ऑगस्टमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, लाकडी खांब त्यात दातासारखा हलायला लागतो. स्टेन एकदाच मारला, पुढे सीडर करडं होऊ दिलं. आमच्या एचओएला (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) चालतं, तुमच्या एचओएला आधी विचारा.

मिनेसोटाची सून

आमच्या कॉन्ट्रॅक्टरने (नाव लिहीत नाही) अडीच फूट खड्डे केले आणि पैसे घेऊन गेला. इकडे दक्षिण भागातसुद्धा बांधकामाच्या नियमात गोठणाची खोली ४२ इंच धरतात, उत्तरेला ६०. पाणी गोठलं की माती फुगते आणि खांबाला धरून वर उचलते, आणि वितळल्यावर खांब जिथे होता तिथे परत बसत नाही. तिसऱ्या एप्रिलपर्यंत गेटची कडी खाचेपेक्षा दीड इंच वर. सासरे सुट्टीला आले होते, ते रोज सकाळी गेट गुडघ्याने उचलून लावायचे आणि "अमेरिकेत असं कसं" म्हणायचे. व्हिनाइल होतं म्हणून वाचलं वगैरे काही नाही, खड्डा उथळ असेल तर वर काय लावलंय याला अर्थ नाही. न्यू जर्सीत साधारण तीन फूट म्हणतात ना? टेप घेऊन स्वतः मोजा, काँक्रीट ओतायच्या आधी.

हातोडीवाला

मी स्वतः केलं, मुलगा आणि मी, चार वीकेंड. खणायच्या आधी ८११ ला (जमिनीखालच्या तारा-पाइप दाखवून देणारी सेवा) फोन करा, फुकट असतं, काही दिवसांनी माणूस येऊन जमिनीवर रंगीत खुणा करून जातो: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, केशरी फोन-केबल, हिरवा गटार. आमचा पिवळा झेंडा तिसऱ्या खांबाच्या जागेपासून वीतभर होता, मी त्या जागी ऑगर (खड्डे पाडायचं मोठं गिरमिट) लावणार होतो. घरी सांगितलं नाही तेव्हा.

चूक: ट्रीटेड पाइनला घरात पडलेले साधे खिळे वापरले. हल्ली त्या लाकडात तांब्याची रसायनं मुरवलेली असतात, साधं लोखंड खातात. वर्षभरात प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ, काजळ वाहिल्यासारखं. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस घ्या. दुसरी चूक, घाईने लगेच स्टेन मारला. लाकूड ओलं येतं, पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे, थेंब वर मण्यासारखे बसून राहिले तर थांबा, मुरले तर मारा.

शार्लटहून

एक विचित्र अनुभव. आमच्या करड्या व्हिनाइलचं एकच पॅनल दोन उन्हाळ्यांत पापडासारखं वाकडं झालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणे बार्बेक्यू जवळ ठेवला असणार. आम्ही शाकाहारी हो, बार्बेक्यूच नाही आमच्याकडे! शेवटी दुपारी तीनला खुर्ची टाकून बसले तर शेजारच्या नवीन खिडकीच्या डबल काचेवरून उन्हाचा पट्टा बरोबर त्या पॅनलवर, हात धरवेना. त्या लो-ई काचा (उष्णता अडवणारा पातळ थर दिलेल्या) ऊन परतवतात. शेजाऱ्यांनी बाहेरून जाळी लावली, भले लोक.

सिएरा फूटहिल्स, कॅलिफोर्निया

आमच्याकडे प्रश्नच वेगळा, वणवा. लाकडी कुंपण घराला चिकटलेलं असलं की वातीसारखं काम करतं, आग दारापर्यंत आणून सोडते. व्हिनाइल वितळतं, जळतं आणि धूर विषारी. इन्शुरन्सवाल्याने फोटो मागितले तेव्हा भिंतीलगतचं पाच फूट कुंपण काढून तिथे लोखंडी गेट बसवलं, पुढे लाकूड तसंच.

रेडिंग, यूके

इकडे व्हिनाइल फार कोणी लावत नाही. खाचेचे काँक्रीटचे खांब, खाली काँक्रीटची फळी, मध्ये लाकडी पॅनल वरून सरकवायचं. फेब्रुवारी २०२२ च्या युनिस वादळात दोन पॅनलं गेली, दुकानातून आणली, शिडीवर चढून सोडली खाचेत, अर्ध्या तासात चहाला घरात. दिसायला रेल्वे स्टेशनसारखं दिसतं हे कबूल.

गुहागरातून

वाचतोय आणि हसतोय. आमच्याकडे खाली जांभ्याचा गडगा, आजोबांच्या वेळचा, ना खिळा ना परवानगी. वरच्या अंगाला वई (काट्याकुट्यांचं कुंपण) असायची, दरवर्षी पावसाळ्यानंतर नवीन काट्या बांधायला माणूस लागायचा, आता माणूस मिळत नाही म्हणून सिमेंटचे पोल आणि तार. माकडांना तिन्ही सारखंच. गडग्यावर बसून आंबा खातात आणि कोय अंगणात टाकतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ह्यूस्टनकरांचा लोखंडी खांब बायकोलाही पटलाय, म्हणजे दिसायला लाकूड आणि काळजी तिची मिटली. कॉन्ट्रॅक्टरला तीन फूट खड्डा आणि गेटच्या खांबांना जास्त काँक्रीट हे लिहून मागितलं तर तो आधी गप्प झाला आणि मग फुटाला ४४ वर आला. कुत्र्यासाठी खाली जाळी पुरतोय.

पण नवीनच भानगड. टाऊनशिपने (इथली नगरपालिका) पर्मिटला जमिनीचा सर्व्हे मागितला, काल मोजणीवाला येऊन खुंट्या मारून गेला. जुनं कुंपण आपल्याच हद्दीच्या १४ इंच आत होतं म्हणे. म्हणजे शेजारच्या काकूंनी कुंपणाच्या पलीकडे ज्या निळ्या हायड्रेंजा वाढवल्यात, ज्यांना त्या रोज सकाळी पाणी घालतात आणि ज्यांच्याबद्दल माझ्या बायकोशी तासभर बोलतात, त्या सगळ्या आमच्या जमिनीत आहेत. खुंट्यांना गुलाबी रिबन बांधलीय, काकूंनी आज सकाळी विचारलं हे कशासाठी, मी म्हटलं गॅसवाले आले असतील.