चिऊताईचे दार आजच्या इमारतीत कसे उघडावे?

पागोळी
नमस्कार. एका दिवाळी अंकाच्या मुलांच्या विभागासाठी मी चिऊ-काऊची गोष्ट आजच्या मुंबईत आणून लिहिते आहे आणि अगदी मधोमध अडले आहे. मेणाचे घर म्हणजे सातव्या मजल्यावरची सदनिका आणि शेणाचे घर म्हणजे मिठी नदीकाठची पत्र्याची खोली, एवढे सहज जमले. पाऊसही जमला, कारण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली त्यांना काऊचे घर कसे वाहून गेले हे निराळे सांगावे लागत नाही.

अडचण दाराची आहे. आपण ऐकलेल्या गोष्टीत काऊ ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणतो आणि चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे आतून सांगत राहते. माझ्या मसुद्यात फाटकावर रखवालदार आहे, घरात इंटरकॉम आहे आणि चिऊ फोनवर बोलण्यात गुंतल्यामुळे काऊला ताटकळत ठेवते. हा मसुदा मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवला, तेव्हा तिने एवढेच विचारले, “पण बाळ कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. चिऊ निर्दय झाली आहे, काऊ बिचारा झाला आहे आणि गोष्टीचे शेजारधर्मावरील भाषण झाले आहे, हे मला दिसते. परंतु दुरुस्ती कुठून सुरू करावी ते कळत नाही. जुनी गोष्ट आजच्या काळात आणताना काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी वही
तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ही गोष्ट आपल्याकडे कोणत्या वयाच्या मुलाला आणि केव्हा सांगितली जाते ते आठवून पाहा. न्हाऊमाखू घातलेले, अंग पुसून पावडर लावलेले, झबले चढवताना हात आखडून घेणारे दोन-तीन वर्षांचे मूल मांडीवर असते आणि चिऊ आपल्या बाळाचे जे जे करते ते ते सगळे त्याच्या अंगावर नुकतेच होऊन गेलेले असते. ऐकणारे मूल हेच चिऊचे बाळ असते. ते दाराच्या आत आहे, उबेत आहे, त्याला बाहेरचा पाऊस ऐकू येतो आणि काऊची हाकही ऐकू येते. ‘थांब’ या शब्दात त्याला निष्ठुरपणा दिसत नाही, कारण आई ज्याच्यासाठी काऊला थांबवते आहे तो तोच असतो; आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या हाकेला त्याचा जीव खालीवर होऊ लागतो. गोष्टीचा सगळा प्राण या ओढाताणीत आहे, असे मला मनापासून वाटते.

बाळाच्या जागी फोन आणल्याबरोबर ऐकणाऱ्या मुलाची जागाच नाहीशी झाली. मजला बदला, पत्ता बदला, काजळाची डबी आणि धुरी गेली तरी हरकत नाही. मात्र अंघोळ राहू द्या आणि हाकांची आवर्तने राहू द्या. शेवट तर घरोघरी वेगळाच असतो. काही घरांत काऊ चुलीपाशी शेकत बसतो, काही घरांत त्याला तव्यावर बसवून चटका देतात. तेव्हा शेवटाची चिंता सध्या करू नका.

कुर्लेकर
२००५ साली मी नववीत होतो आणि आमची खोली तुम्ही लिहिली आहे तशीच, पत्र्याची होती, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली होती आणि फोनही लागत नव्हते. वीज नाही म्हणजे उद्वाहन नाही, इंटरकॉम नाही आणि दारावरची घंटाही नाही. तुमच्या काऊला अंधारात सात मजले जिने चढून हाताने दार ठोठवावे लागेल. जी ‘टक टक’ आजच्या इमारतीत हरवली असे तुम्हाला वाटते, ती पावसानेच परत आणून दिली आहे.

दुसरी गोष्ट थोडी कठीण आहे. आम्ही पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचे दार वाजवले, तेव्हा माझ्या आईने शिधापत्रिका आणि आमचे शाळेचे दाखले दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून कमरेला घट्ट बांधले होते. आतून आवाज आला, “थांबा जरा.” तो क्षण मला फार लांब वाटला होता. दार उघडल्यावर कळले की आम्हाला बसायला जागा व्हावी म्हणून ती माणसे जमिनीवरच्या गाद्या उचलून पलंगावर रचत होती. त्या एका खोलीत आम्ही १९ जणांनी रात्र काढली. म्हणून ‘थांब’ म्हणणारी चिऊ वाईटच असली पाहिजे, हे मला मान्य नाही.

मात्र ‘शेणाचे घर’ हा भाग तसाच ठेवण्याला माझा विरोध आहे. आजीच्या गावच्या सारवलेल्या घरात शेण म्हणजे स्वच्छता होती, सणावाराची तयारी होती. शहरातल्या मुलाला मात्र ते घाण म्हणूनच ऐकू येते, आणि काऊचे घर पडले ते त्याच्या आळशीपणामुळे किंवा मूर्खपणामुळे, असा समज नकळत रुजतो. तुमचा दिवाळी अंक पत्र्याच्या खोलीतले मूलही वाचेल. त्याच्या घराला नाव ठेवणारी गोष्ट त्याच्या हातात देऊ नये.

समुद्रापार
कुर्लेकरांच्या आक्षेपाशी मी सहमत आहे आणि त्याला एक जुना दाखला जोडतो. गोष्टी ‘आधुनिक’ करण्याचे वेड आपल्याच काळाचे आहे असे अनेकांना वाटते, पण शार्ल पेरोने १६९७ मध्ये फ्रान्समध्ये छापलेली सिंड्रेला त्याच्या वाचकांसाठी अगदी समकालीन होती. तिच्या सावत्र बहिणींच्या खोलीत नक्षीदार लाकडी फरशी आणि नखशिखान्त दिसेल असा आरसा आहे, एक बहीण लाल मखमली पोशाख घालायचा बेत करते, आणि चेहऱ्यावर चिकटवायच्या काळ्या टिकल्या नावाजलेल्या कारागिराकडून मागवल्या जातात. राखेत बसणारी मुलगी आणि हा आरसा शेजारी शेजारी आले की अन्याय वेगळा सांगावा लागत नाही. वस्तू नव्या आणल्या त्या सजावटीसाठी नव्हेत.

जर्मन लोककथांचा संग्रह छापणाऱ्या ग्रिम बंधूंनीही बदल केले. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी बाई १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांची सख्खी आई होती; १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. गोष्ट सोसवेनाशी झाली तेव्हा त्यांनी दोष परक्यावर ढकलला. तुमच्या मसुद्यातील फोनवर बोलणारी चिऊ मला त्याच जातीची वाटते.

सोनसाखळी
सगळेच बदलावे लागत नाही, एवढे माझ्या अनुभवावरून सांगते. मी सोदेवाबाईची गोष्ट आजच्या पुण्यात लिहिते आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ मध्ये छापलेल्या दख्खनी कथांच्या संग्रहात ती आहे आणि मेरीला ती घरच्या आया अॅना लिबेराता डिसूझा यांनी सांगितली. सोदेवाबाईचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत असतो. डोंगरावर फुले वेचताना तिचा जोडा खाली पडतो, तो राजपुत्राला सापडतो आणि त्यावरून लग्न जमते. पुढे सवत माळ चोरवते. सवत दिवसभर माळ घालते तोवर सोदेवाबाई निपचित पडून असते आणि रात्री ती काढून ठेवली की सोदेवाबाईला जाग येते.

मी प्रथम माळेच्या जागी मोबाइल घातला होता. महिनाभर लिहूनही त्यात जीव येईना. मग लक्षात आले की सोने आजही सोनेच आहे. बँकेच्या लॉकरची किल्ली सासूकडे असते, दागिने तारण ठेवून धंद्याला कर्ज काढले जाते आणि ज्या बाईचे ते असतात तिला लग्नकार्यापुरते ते मिळतात. माळ परत माळच केली आणि गोष्ट चालू लागली. जे आजही जसेच्या तसे आहे त्याला नवे नाव शोधू नये.

पागोळी
सर्वांचे मनापासून आभार. फोन, रखवालदार आणि इंटरकॉम काढून टाकले आहेत. ‘शेणाचे घर’ आता ‘नदीजवळचे घर’ झाले असून ते का पडले याचे कारण पाणी एवढेच आहे. बाळ परत आले आहे. दाराजवळचा भाग काल रात्री पुन्हा लिहिला, तो असा:

“टक टक. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब रे काऊ, माझं बाळ बादलीत बसलंय.’ टक टक. ‘चिऊताई, दार उघड.’ ‘थांब रे काऊ, मेणबत्ती विझलीय, काडेपेटी शोधते.’ टक टक. बाळ म्हणालं, ‘आई, काऊ ओला झालाय.’ चिऊने कपाटातून टॉवेल काढला, बाळाला गुंडाळलं, मग अंधारात चाचपून दुसरा टॉवेल काढला आणि तो हातात घेऊन ती दाराकडे गेली.”

मुलीला वाचून दाखवले. दुसरा टॉवेल कोणत्या रंगाचा होता, असे तिने विचारले आहे. तेवढे आज लिहिणार आहे.