मार्क १६:८ मधला ‘एक्स्तासिस’: आश्चर्य की तंद्री?

खानापूरकर:
मंडळी, रविवारच्या वर्गाला बायबलच्या नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचं १६:८ हे वचन घेतलंय. येशूच्या कबरीपासून पळणाऱ्या बायकांबद्दल मूळ ग्रीकमध्ये ‘त्रोमोस काइ (आणि) एक्स्तासिस’ आहे. प्रेषितांची कृत्ये १०:१० मध्ये येशूचा शिष्य पेत्र याला तंद्री लागते, तिथंही शब्द एक्स्तासिसच. मग बायकांना तंद्री लागली म्हणायचं का? वर्गात निम्मे कन्नड बायबलवाले, विचारणारच.

निपाणीचा वाचक:
नको. नव्या करारात हे नाम ७ वेळा येतं. कृत्ये १०:१०, ११:५ आणि २२:१७ मध्ये तंद्री, कारण लगेच पुढं दर्शन आहे. बाकी चार ठिकाणी (मार्क ५:४२, १६:८, लूक ५:२६, कृत्ये ३:१०) थक्क होणं. १६:८ मध्ये दर्शन नाही, उलट शेजारी ‘त्रोमोस’ म्हणजे कापरं आहे. क्रियापदही बघा: ‘एइखेन’, म्हणजे धरलं होतं. कापऱ्यानं आणि विस्मयानं त्यांना पछाडलं होतं. फळ्यावर आधी हे क्रियापद लिहा, निम्मा गुंता तिथंच सुटतो.

कॅम्प, बेळगाव:
‘एक्’ बाहेर, ‘स्तासिस’ उभं राहणं, एवढीच फोड सांगून थांबू नका. लोक थेट ‘आत्मा देहाबाहेर गेला’ इथवर पोचतात! बायबलच्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या शब्दसूचीत हे नाम १६११, त्याच्या जोडीचं क्रियापद ‘एक्सिस्तेमी’ १८३९. दोन्ही वेगवेगळे तपासा. मार्क ३:२१ मध्ये ‘त्याला वेड लागलंय’ हे याच एक्सिस्तेमीनं म्हटलंय. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्ती २:२१ ची आदामाची गाढ झोपसुद्धा एक्स्तासिस.

खानापूरकर:
आणि मार्क ६:६ मध्ये येशूला आश्चर्य वाटलं, ते?

निपाणीचा वाचक:
ते ‘थाउमाझो’. शब्दच निराळा, यात मिसळू नका.