मदत हवी आहे: सासूबाई पैसे वाचवायला दम्याचा रोजचा पंप चुकवतायत, खर्च कसा कमी करू? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, दमा जुना. त्यांना ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉलचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे, आणि धाप लागली तर निळा साल्ब्युटामॉलचा. आता माझ्या नऊ वर्षांच्या मुलालाही रोजचा पंप सुरू झालाय. 120 फवाऱ्यांचा पंप, दिवसाला चार म्हटले की महिन्याला एक उडतो. दोघांचे पंप, माँटेलुकास्टच्या गोळ्या, मध्येच नेब्युलायझरचं औषध. घरात पगार एकच आणि मेडिकलचं बिल किराण्याला टेकलंय.

पण जिवाला घोर वेगळाच लागलाय. परवा आईंच्या पंपावरचा आकडा सहज बघितला. महिना सरत आला होता आणि आत साठाच्या वर फवारे शिल्लक! विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मला बरं वाटतंय. नातवाचं औषध चुकायला नको. माझं काय, निळ्यावर भागतं, तो स्वस्त आहे." म्हणजे रोजचा पंप त्या एक दिवसाआड घेतायत, आणि निळा मात्र उशाशीच असतो. रात्री दोन-दोनदा उठून बसतात, खोकल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येतो. गहू निघाला की आसपासच्या गावांत नरवाई (शेतात उरलेले खुंट) जाळतात, त्या धुराच्या दिवसांत यांचं काय होईल या विचाराने मला झोप नाही.

जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) हाच पंप मिळतो म्हणतात, कोणी वापरलाय का? रोटाकॅप (कॅप्सूलमधली पूड श्वासाने ओढायची) स्वस्त पडतात, पण या वयात जमतील का? आयुष्मानचं सत्तरीपुढचं कार्ड काढलंय, त्यावर पंप मिळेल का? आणि दम्याची औषधं सरकारनेच 50 टक्क्यांनी महाग केली असं वाचलं, ते खरं का? डॉक्टरांकडे जाणारच आहे, पण तिथे पाच मिनिटं मिळतात. काय विचारायचं ते आधी पक्कं करून जावं म्हणते.

दवाबाजारकर:
ताई, माझी उमर औषधांच्या धंद्यात गेली, म्हणून आधी भावाचं सांगतो. ती 50 टक्क्यांची बातमी ऑक्टोबर 2024 ची. त्यात साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि नेब्युलायझरचं द्रावण होतं, पंप नव्हते. तुमचं नेब्युलायझरचं बिल त्याने वाढलं असेल. पंपांचं कारण निराळं. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत दर एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे बदलते. 2022 ला 10.77 टक्के आणि 2023 ला 12.12 टक्के वाढ करायची मुभा मिळाली, दोन्ही मिळून 24 टक्के. पुढच्या दोन वर्षांत वाढ किरकोळ होती. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिल नीट बघून घ्या.

जनऔषधीत पंप मिळतात आणि भावात मोठा फरक पडतो. फक्त प्रत्येक केंद्रावर माल असेलच असं नाही. 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव दिसतो, तिथे फोन करून मगच निघा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव आणि मायक्रोग्रॅम लिहून घ्या. आकडा बदलला तर डोस बदलतो.

ग्वाल्हेरची मावशी:
सूनबाई, मी स्वतः दमेकरी आहे, म्हणून कळकळीने सांगते. निळ्या पंपाने श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो रोजचा पंप. वर्षाला निळे तीन किंवा जास्त संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि 2019 पासून जगभरातले दम्याचे डॉक्टर नुसत्या निळ्यावर राहू नका असंच सांगतात. हे आईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. सुनेचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

आता डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. त्यांचा पंप फॉर्मोटेरॉलचा आहे, तर तोच धाप लागल्यावरही वापरता येईल का? बऱ्याच जणांना तसा देतात, मग निळ्याचा खर्च वाचतो. दुसरं, दोन-तीन महिने दमा ताब्यात राहिला तर डोस उतरवता येतो का? पण तो त्यांनी उतरवायचा, आपण नाही.

रोटाकॅप स्वस्त पडतात हे खरं. पण त्या जोरात ओढाव्या लागतात. म्हातारपणी धाप लागलेली असताना तेवढा दम राहत नाही, म्हणून दवाखान्यात ओढून दाखवूनच ठरवा. पंप ठेवलात तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्याच. त्याशिवाय बरंचसं औषध घशालाच चिकटतं, म्हणजे पैसे तिथेच गेले. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की आतल्या भिंतीला औषध चिकटतं. आणि पंप घेतल्यावर चूळ भरायला सांगा.

रामबागेतला:
आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर चालतं. घरी परतल्यावर पंधरा दिवसांची औषधं त्यात येतात, रोजचा पंप नाही. मला याचा फार राग येतो. झटका येऊन भरती झालं तर सगळं फुकट, आणि झटका टाळणारा पंप मात्र पदरचा! एमवायच्या (इथलं मोठं सरकारी रुग्णालय) ओपीडीत दाखवा, तिथे औषध मोफत मिळतं, साठा असेल तर. आईंचा आरोग्य विमा नसेल आणि यजमान जुन्या पद्धतीने कर भरत असतील तर आयकराच्या हिशोबात त्यांच्या औषधांचे 50 हजारांपर्यंत उत्पन्नातून वजा होतात. पैसे रोखीने देऊ नका, बिलं जपा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. मावशी, तुमचा मजकूर आईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळचा पंप माझ्यासमोर घेतला. जनऔषधीत फोन केला, पंप आहे. पण त्यावर आकडा दिसला नाही, तर किती उरला ते कसं ओळखायचं? पाण्यात टाकून बघतात म्हणे?

दवाबाजारकर:
पाण्यात टाकू नका, त्याने काही कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू फुसफुसत राहतो आणि माणसाला वाटतं मिळतंय. उघडला त्या दिवसाची तारीख पेनने पंपावर लिहा. दिवसाला चार म्हणजे तीस दिवस. धापेच्या वेळी जास्त घेतले तर ते कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि तेवढे दिवस आधीच नवा आणा.