कंपन्या शहराकडे जातात की सवलतींकडे?

मुक्काम पोस्ट (धागाकर्ता):
बहुराष्ट्रीय कंपनी ऑफिस कुठं थाटते, ही चर्चा निघाली की गाडी करसवलतीवर येऊन थांबते. मला वाटतं, करसवलत ही शेवटची घासाघीस असते. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूरला कंपनी जाते ती तिथं आधीच बसलेल्या वकील, ऑडिटर, बँका आणि विमेवाल्यांसाठी. समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१ साली मांडलंच होतं: कारखाने जगभर जितके विखुरतात, तितका त्यांचा कारभार मोजक्या शहरांत गोळा होतो.

लंडनचा विमा बाजार, लॉईड्स घ्या. मोठ्या जहाजाचा विमा उतरवायचा तर दलाल जोखमीचा कागद घेऊन एकेका विमेकऱ्याच्या टेबलाशी जातो. पहिला जाणकार दर ठरवतो, 'एवढे टक्के माझे' म्हणून सही करतो. मग त्याच्या सहीवर विसंबून बाकीचे आपापला वाटा लिहितात, शंभर टक्के भरेपर्यंत. आता बरंच काम स्क्रीनवर होतं, पण अवघड जोखमीला अजून समोरासमोर बसतात. हा बाजार सवलत देऊन उभा राहील? परक्या देशात ओळखीपाळखी नसल्याचा, कायदा ठाऊक नसल्याचा जो भुर्दंड पडतो, तो अशा शहरात कमी पडतो.

उलटतपासणी:
साफ असहमत. झारा कपड्यांवाली इंडिटेक्स स्पेनच्या वायव्य टोकाला आर्तेइशो गावातून चालते. लेगो डेन्मार्कच्या बिलुंडमधून, नेस्ले स्वित्झर्लंडच्या व्हेवेमधून, टोयोटा तर तिच्याच नावाच्या शहरातून. लंडनवाचून यांचं काय अडलं? वॉलमार्ट अमेरिकेतल्या छोट्या बेंटनविलला आहे म्हणून प्रॉक्टर अँड गॅम्बलसकट पुरवठादारांनी त्या भागात ऑफिसं काढली. इथं कोणी कोणाला ओढलं?

सिंगापूरचंही तेच. १९६१ साली आर्थिक विकास मंडळ काढलं, जुरोंगची दलदल बुजवून औद्योगिक वसाहत केली, सवलती दिल्या, १९६८ साली अमेरिकेची चिप कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. तुमचे वकील-ऑडिटर मागाहून आले.

मुक्काम पोस्ट:
ही सगळी मालकांची मूळ गावं झाली. प्रश्न परदेशात नवी जागा निवडण्याचा आहे. आणि टोयोटाचं एक मुख्य कार्यालय टोकियोतही आहे बरं का! सिंगापूरला बंदर, इंग्रजी आणि ब्रिटिश कायदा मंडळाच्या आधीपासून होते. दलदल बुजवणाऱ्या सरकारांची जगात कमी नाही, सिंगापूर मात्र एकच झालं.

अर्धा कप:
सक्तीचं काय? प्रादेशिक मुख्यालय आमच्याकडे नसेल तर सरकारी कंत्राटं विसरा, असं सौदी अरेबियानं २०२१ साली जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू केलं. थोडे अपवाद ठेवलेत, पण कंपन्यांनी रियाधचे परवाने भराभर काढले. (पाटी लागली, साहेब दुबईहून हलले का, हे वेगळं.)

तळटीप:
ॲमेझॉनचा किस्सा इथं हवाच. २०१७ साली दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले, २३८ आले. न्यूयॉर्कनं सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या आणि त्याची निवड झाली. स्थानिकांनी विरोध केल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीनं माघार घेतली. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्याच मॅनहॅटनमध्ये मोठं ऑफिस भाड्यानं घेतलं, तेही त्या सवलतींशिवाय. धागाकर्त्याच्या बाजूनं इतका चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

उलटतपासणी:
पुरावा अर्धा सांगितलात. आधीचा वायदा २५ हजार नोकऱ्यांचा होता, ते ऑफिस साधारण दीड हजारांचं. सवलत गेली तसा आकडाही गेला.

दुसरं म्हणजे, शहर तगडं झालं म्हणून त्यातली कंपनीही तगडी होते, हे कोणी सांगितलं? एका इमारतीत तुम्ही, समोर प्रतिस्पर्धी. तुमची तयार केलेली माणसं तो पगार वाढवून नेतो, सोबत तुमची युक्तीही जाते. ज्याच्याकडे सर्वांत चांगलं तंत्रज्ञान, त्याच्या हातून या गर्दीत जातं जास्त, पदरात पडतं कमी. मधल्या फळीतल्या कंपन्यांना गर्दी फळते; अव्वल कंपनी विक्री आणि वित्त तिथं ठेवून प्रयोगशाळा शांत गावी नेईल.

मुक्काम पोस्ट:
प्रयोगशाळेचा मुद्दा मान्य, मी कारभाराच्या ऑफिसांबद्दलच बोलतोय. ब्रेक्झिटनंतरचं लंडन बघा. युरोपचं बँकिंग प्राधिकरण पॅरिसला गेलं, औषध संस्था ॲमस्टरडॅमला, दोन्ही २०१९ साली. जानेवारी २०२१ मध्ये शेअर व्यवहारांत ॲमस्टरडॅमनं लंडनला मागं टाकलं. तरी २०२२च्या पाहणीत जगातले सुमारे ३८ टक्के परकीय चलन व्यवहार ब्रिटनमध्येच, म्हणजे मुख्यतः लंडनमध्ये होत होते.

उलटतपासणी:
म्हणजे ब्रेक्झिटनं नियम बदलला, तसे शेअर हलले. हेच तर मी म्हणतोय! परकीय चलन राहिलं त्यात घड्याळाचाही वाटा आहे: लंडनच्या सकाळी आशियाचा बाजार अजून चालू असतो आणि दुपारी न्यूयॉर्क उघडतं. या रेखांशाचं श्रेय वकिलांना कसं द्यायचं, ते सांगा.