घरात साठलेल्या चिल्लरीचे आपण काय करता?

पर्वतीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. खिशात उरलेली नाणी रात्री फडताळातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची, अशी आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. त्या काळी पेपरवाला, बसचा कंडक्टर, इस्त्रीवाला आणि मुलांचा खाऊ यांतच सगळे सुटे पैसे खर्ची पडत असल्यामुळे तो डबा महिनाअखेरीस आपोआप रिकामा होत असे. आता भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकलेला असतो आणि आम्हीही त्यावरच पैसे देतो. मात्र औषधाच्या दुकानातून, रिक्षातून आणि कोणाला नोट दिली की तिथून नाणी घरात येत राहतात. परिणामी डबा भरला आणि आता त्याच्या शेजारी दुसरा ठेवण्याची वेळ आली आहे.

त्यात एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची वेगवेगळ्या आकारांची नाणी आहेत, काही आठ आणे आहेत, आणि तळाशी चार आणे व ॲल्युमिनियमची दहा-वीस पैशांची नाणीही आहेत. आमचे खाते असलेल्या शाखेत विचारले असता, नाणी ठेवायला जागा नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. शेजारच्या काकू म्हणतात की सरळ देवळाच्या दानपेटीत ओतून मोकळे व्हावे. माझी विचारणा अशी आहे की आपण सर्वजण प्रत्यक्षात काय करता, बँकेला असा नकार देता येतो का, आणि आठ आणे व त्याखालच्या नाण्यांना आज काही किंमत उरली आहे का?

जुना रोखपाल, सांगली

पर्वतीकर, बँकेविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझी सारी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. चलनात असलेली नाणी कोणत्याही शाखेने नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने परिपत्रकांतून वारंवार बजावलेले आहे आणि ग्राहकाने खात्यात किती नाणी भरावीत यावर कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. लोक ज्या हजार रुपयांच्या मर्यादेचा दाखला देतात, ती २०११ च्या नाणे कायद्यातील असून तिचा संबंध देणे फेडण्याशी आहे. एका व्यवहारात एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंत आणि आठ आणे केवळ दहा रुपयांपर्यंत वैध चलन मानले जातात. त्याहून अधिक नाणी घेण्याची सक्ती आपण समोरच्यावर करू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तथापि शाखेची बाजूही सांगितली पाहिजे. नोटा मोजायला यंत्र असते, परंतु नाणी बहुतेक लहान शाखांत हातानेच वेगळी करावी लागतात, आणि ती करन्सी चेस्टकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाणी साठवणाऱ्या कोठाराकडे, लवकर परत जात नसल्याने स्ट्राँगरूममध्ये पोत्यांची थप्पी वाढत राहते. शिवाय रिझर्व्ह बँक बँकांना जे प्रोत्साहन देते ते नाणी लोकांना वाटण्यासाठी देते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते थैलीमागे २५ रुपयांवरून ६५ रुपये करण्यात आले. आपल्यासारख्यांकडून नाणी परत घेण्याच्या कामाला असे कोणतेही आकर्षण नाही, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, यात मला नवल वाटत नाही.

यावर उपाय असा की नाणी मूल्यानुसार वेगळी करून प्रत्येकी शंभराच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, कारण एक व दोन रुपयांची नाणी वजनावर किंवा अशा शंभराच्या पिशव्यांतून स्वीकारावीत, असे परिपत्रकातच सुचवलेले आहे. घरच्या वजनकाट्यावर मोजण्याचा मोह मात्र जपून करावा. १९९२ नंतरचा स्टीलचा मोठा रुपया ४.८५ ग्रॅमचा आहे, २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि हल्लीचा छोटा रुपया अवघा ३.०९ ग्रॅमचा; म्हणजे शंभर रुपयांची पिशवी ४८५ ग्रॅम भरेल किंवा ३०९ ग्रॅमही भरेल. याहून मोठी गंमत अशी की २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे व्यासाने २५ मिलिमीटर आणि वजनाने ४.८५ ग्रॅम, म्हणजे हुबेहूब त्या जुन्या मोठ्या रुपयाएवढेच आहे, त्यामुळे काट्याला त्या दोहोंतला फरक कळूच शकत नाही. ज्यांना कमी दिसते अशा घरच्या वडीलधाऱ्यांची याच दोन नाण्यांत सर्वाधिक फसगत होते. नव्या मालिकेत एक, दोन, पाच आणि दहाचे व्यास अनुक्रमे २०, २३, २५ आणि २७ मिलिमीटर असे चढते ठेवले आहेत आणि २७ मिलिमीटरचेच वीस रुपयांचे नाणे बारा कडांचे केले आहे, हे त्या दृष्टीने चांगले झाले. परंतु जुनी नाणी चलनात आहेत तोवर बोटांनी चाचपून ओळखण्यावर विसंबता येत नाही.

पिशव्या बांधून दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी शाखाधिकाऱ्यांना भेटलात तर बहुधा काम होईल. न झाल्यास लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. एका डब्यासाठी एवढ्या थराला जावे, असे मात्र मी सुचवणार नाही.

आठ आणे आजही वैध चलन आहेत, मग दुकानदार काहीही म्हणोत. चार आणे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली असून बँकेत ती बदलून मिळत नाहीत.

वाणसामान, डोंबिवली

रोखपाल साहेबांनी नियम सांगितले; मी गल्ल्यावर बसणारा माणूस असल्याने दुसरी बाजू मांडतो. पर्वतीकर, आपण बँकेत जाताच कशाला? आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारून पाहा, तो आपल्याला चहा पाजेल. सुट्यांची चणचण भासे तेव्हा आम्ही शेकड्यामागे बट्टा मोजून चिल्लर विकत घेत असू, आणि तरीही संध्याकाळपर्यंत गल्ल्यात नुसत्या बंद्या नोटाच उरत. मग रुपयाच्या जागी चॉकलेट हातावर ठेवावे लागे आणि गिऱ्हाईकाचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागत. यूपीआयमुळे तो ताण पुष्कळ कमी झाला हे खरे आहे, परंतु सकाळी दूध-पाव न्यायला येणारी मंडळी, शाळेची मुले आणि घरकामाला जाणाऱ्या बायका यांचे व्यवहार आजही बरेचसे रोखीने होतात आणि त्यांना परत द्यायला एक, दोन आणि पाचची नाणी लागतातच.

यातला विरोधाभास असा की टंचाई आणि सुकाळ एकाच वेळी, एकाच शहरात नांदत असतात. मुंबईत बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये पाच रुपये झाल्यावर आगारांत नाण्यांचे ढीग जमले, आणि पुढे काही काळ तिथल्या कर्मचाऱ्यांना पगारातील काही रक्कम नाण्यांत घ्यावी लागली; त्याच वेळी रेल्वे स्टेशनाबाहेरचा वडापाववाला सुट्यांसाठी हातघाईवर येत होता. २०२५ च्या फेब्रुवारीपासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे, म्हणजे तीस रुपये देणाऱ्याला चार रुपये परत करण्यासाठी प्रत्येक रिक्षावाल्याला रोज मूठभर नाणी हवीत. एसटीतही त्याच वर्षीच्या जानेवारीतील भाडेवाढीनंतर तिकिटांच्या रकमा पाचाच्या पटीत न राहिल्याने सुट्यांवरून वाद होऊ लागले, आणि प्रवाशांनी यूपीआय वापरावे, असे आवाहन करावे लागले. एवढी नाणी पाडूनही ती पुरत नाहीत, याचे एक कारण आपल्यासारख्यांच्या फडताळातले डबे हेच आहे. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. आमच्या स्वयंपाकघरातही तसा एक डबा आहे.

दोन गोष्टी पाळल्यात तर कोणताही दुकानदार आनंदाने चिल्लर घेईल. नाणी निवडून, शंभर-शंभराची बांधून आणावीत आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत आणू नयेत. आठ आणे मात्र आणू नका. कायदा काहीही म्हणो, ते मी घेतले तरी पुढे कोणाला देऊ? दहाच्या नाण्यांबाबतही काही गिऱ्हाईके अजून कुरकुर करतात. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, असली अफवा कोणीतरी पसरवली होती आणि ती काही केल्या मरत नाही. वास्तविक दहाच्या नाण्याचे तेव्हापर्यंत निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत जाहीर केले होते.

गोदाकाठची, नाशिक

शेजारच्या काकूंचा सल्ला भाविकतेचा असला तरी मला पटत नाही. दानपेटीत ओतलेली चिल्लर देवस्थानाला मोजून घ्यावी लागते आणि अखेर ती त्याच बँकेच्या दारात जाते, जिथून आपल्याला परत पाठवण्यात आले. शिर्डीत साई संस्थानाची नाणी ठेवायला तिथल्या बँकांकडे जागा उरली नसल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या, त्या अनेकांनी वाचल्या असतील. एवढ्या मोठ्या संस्थानाची ही गत असेल तर आपल्या गल्लीतल्या मारुतीच्या पुजाऱ्याने काय करावे? दान करायचेच असेल तर नोट द्यावी.

नाण्यांचा खरा धार्मिक उपयोग घरच्या पूजेत होतो आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. सत्यनारायण असो, वास्तुशांत असो किंवा मंगळागौर, प्रत्येक विड्यावर सुपारीबरोबर एक नाणे हवे, कलशात नाणे हवे, दक्षिणेच्या एकशे एकातला वरचा एक हवा, आहेराच्या पाकिटाला चिकटवायला रुपया हवा. ऐन वेळी यजमान शेजाऱ्यांकडे सुटे मागत फिरतात, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. म्हणून चातुर्मासाच्या आधी मी एक रुपयाची नाणी चिंचेने घासून, धुऊन, एका पुरचुंडीत वेगळी ठेवते, आणि ज्यांच्याकडे कार्य असेल त्यांना ती नोटेच्या बदल्यात देते. इमारतीत हे एकदा माहीत झाले की आपले डबे आपोआप रिते होतात.

नदीत नाणी टाकण्याविषयी मात्र मी स्पष्टच लिहीन. तांब्याच्या नाण्याने पाणी शुद्ध होते, असे जे कारण सांगितले जाते ते आजच्या स्टीलच्या रुपयाला लागूच पडत नाही. रामकुंडावर टाकलेल्या नाण्यांपैकी काही तिथली मुले बुड्या मारून किंवा दोरीला लोहचुंबक बांधून बाहेर काढतात. त्यातही स्टीलची एक-दोनची नाणी चुंबकाला लागतात आणि पितळी रंगाचे पाचचे मात्र तळाशीच राहते. त्या मुलांच्या हातात पैसे थेट दिलेले काय वाईट?

थेम्सकाठी, लंडन

इथली एक सोय सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये बँका ग्राहकांना नाण्यांसाठी छापील प्लास्टिक पिशव्या मोफत देतात आणि कोणत्या नाण्याची किती रकमेची पिशवी भरायची हे त्यावरच छापलेले असते. एक पौंडाची नाणी वीस पौंडांची, वीस पेनींची दहा पौंडांची, एक पेनीची एका पौंडाची, असा तो हिशेब असतो. काउंटरवर पिशवी काट्यावर ठेवतात आणि वजन बरोबर भरले की रक्कम खात्यात जमा होते. अर्थात एका मूल्याच्या नाण्याचे वजन ठरलेले असेल तरच हे चालते. रोखपाल काकांनी दिलेले एक रुपयाच्या नाण्याच्या तीन वेगळ्या वजनांचे उदाहरण वाचल्यावर आपल्याकडे ही सोय का रुजली नसावी, याचा थोडा उलगडा झाला.

पर्वतीकर

सर्वांचे आभार. एक, दोन आणि पाचच्या पिशव्या बांधून कोपऱ्यावरच्या दुकानात नेण्याचे ठरवले आहे. त्यांच्याशी बोलणे झाले आणि त्यांनी खरोखरच दुपारी तीनची वेळ दिली. गोदाकाठच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे काही रुपये पूजेसाठी वेगळे काढू. उरला प्रश्न तळाच्या जुन्या नाण्यांचा. मुलाला मोबाइलवर एक जाहिरात दिसली, तीत वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे म्हटले आहे आणि आमच्या डब्यात तसे एक नाणे निघाले आहे. या जाहिरातींत कितपत तथ्य असते?

जुना रोखपाल, सांगली

तथ्य अजिबात नाही, आणि मुलाला त्या क्रमांकावर काहीही भरू देऊ नका. ते नाणे २०१२ चे असून नेहमीच्या चलनात आलेले आहे, त्याची किंमत पाच रुपये. या टोळ्या आधी मोठ्या रकमेचे आमिष दाखवतात आणि मग नोंदणी, कर, कमिशन अशा नावांखाली आपल्याकडूनच पैसे उकळतात; काहीजण त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरत होते म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही. चार आणे आणि वीस पैसे अमाप संख्येने पाडलेले असल्याने संग्राहकही त्यांना सहसा विचारत नाहीत. तरीही फेकण्यापूर्वी वर्षाखालची खूण पाहावी: चौकटच्या आकाराचा ठिपका असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. शाळकरी मुलाला एवढ्यावर एक रविवार सहज पुरतो. वैष्णोदेवीचे नाणे पाचच्या पिशवीत घालून टाकावे.